चौघांना पुरून उरणारा

टेबलावर त्याला जागा कोणी देत नाही, तो ती घेतो. मॉनिटरचा पाय आणि चहाचा कप यांच्या मधल्या पट्टीत वीतभर लांबीची काळी पत्र्याची पेटी ठाण मांडून बसलेली असते. पुढच्या अंगाला चार बटणं, प्रत्येक बटणाच्या वर दोन बारके दिवे. जोडलेलं मशीन चालू असलं की लाल लागतो, आणि पडद्यावर सध्या ज्याची पाळी आहे त्याचा हिरवा. समोरून एवढा टापटीप दिसणारा हा गडी मागून मात्र बघवत नाही. प्रत्येक मशीनच्या पडद्याच्या जाड केबली, त्यांच्या जोडीला यूएसबीच्या, शिवाय कीबोर्ड, माऊस, मॉनिटर आणि स्वतःचा अडॅप्टर. केबलींचं वजन पेटीपेक्षा जास्त, त्यामुळे जरा ओढ बसली की स्वारी मागच्या मागं उताणी. सोलापूरच्या पूर्व भागात डिझाइनच्या ज्या दुकानात माझं याच्याशी येणंजाणं आहे, तिथं त्याच्याखाली चादरीचा एक कापलेला कोपरा घडी करून घातलाय आणि केबलींचा जुडगा टेबलाच्या पायाला सुतळीनं आवळून टाकलाय.

हा केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस एकेकच ठेवायचे, मागं मशीन दोन, चार, आठ, सोळा कितीही जोडायची. बटण दाबलं की समोरचा संसार बदलतो. जन्मला तो मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर खोल्यांत. तिथं १९ इंची रॅकमध्ये पावणेदोन इंचांचा एक मजला धरून मशीन एकावर एक रचतात. दर मशीनला मॉनिटर द्यायचा म्हटलं तर सगळी खोली मॉनिटरांनीच भरली असती. तिथून उतरत उतरत तो आमच्या गल्लीपर्यंत आला.

गल्लीत त्याची गरज कशी पडली ते सांगायला मशीनची ओळख करून द्यावी लागेल. दुकानात तीन आहेत. पहिलं म्हातारं, विंडोज एक्सपीवर चालणारं. त्याच्या पोटात एक जुनं कार्ड, आणि त्याला जोडलेलं पंचिंग मशीन. जॅकार्ड मागाला दर आडव्या धाग्यामागं पुठ्ठ्याचं एक कार्ड लागतं. जिथं भोक असेल तिथला हुक उचलतो, त्याच्याबरोबर उभा धागा वर जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती. चादरीवरचा मोर या भोकांतून बाहेर येतो. भोकं पाडणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढं यायला तयार नाही, आणि यंत्र तर अजून ठणठणीत. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीवरचा हात काढून घेतला, म्हणून या मशीनला इंटरनेटचं वारंही लागू देत नाहीत. दुसरं मशीन डिझाइनचं, नवं, जाडजूड ग्राफिक कार्डाचं. तिसऱ्यावर बिलं, जीएसटी आणि कामगारांचा हिशेब. जागा म्हणाल तर दोन माणसं आडवी झाली की संपली. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढतो. त्यात आणखी दोन मॉनिटरांची ऊब कोणाला हवीय? तीन कीबोर्ड शेजारीशेजारी होते तेव्हा तर रोजचा तमाशा. बिलाचा आकडा डिझाइनच्या कीबोर्डवर बडवायचा आणि मग ओरडायचं, "काय करालाय बे हे मशीन!"

आता याच्या स्वभावाकडं येतो. बटण दाबून पडदा बदलणं हे याचं खरं काम नव्हे. ते तर साधा खटकाही करील. याचं खरं काम खोटं बोलणं. ज्या मशीनकडं आपण पाठ फिरवली, त्याला हा सांगत राहतो की कीबोर्ड इथंच आहे, माऊस इथंच आहे, मॉनिटर तुझ्याकडंच बघतोय, तू आपलं काम कर. तीन मशीनना एकाच वेळी, तिघांना पटेल असं.

हे खोटं किती गरजेचं आहे ते जुन्या मशीनच्या वागण्यात दिसतं. आयबीएमनं १९८७ मध्ये पीएस/टू नावाची मालिका काढली. कीबोर्ड-माऊसची ती सहा टाचण्यांची गोल खोबणी आणि पंधरा टाचण्यांची व्हीजीए, दोन्ही तिच्याबरोबर आली. त्या गोल खोबणीत मशीन चालू असताना काढघाल करायची नसते. कीबोर्ड चालू होतानाच सापडायला हवा, नाहीतर मशीन तिथंच अडून बसतं आणि पडद्यावर लिहितं: कीबोर्ड सापडत नाही, पुढं जायचं तर एफ-वन दाबा. नसलेल्या कीबोर्डवर कुठलं बटण दाबायचं हे ज्यानं लिहिलं त्यालाच माहीत. दुपारी लाइट यूपीएस संपेपर्यंत गेली आणि परत आली की तिन्ही मशीन एकदम उठतात. त्या क्षणी पडद्यावर पाळी एकाचीच. बाकी दोघांना "मी आहे" म्हणणारं कोणी नसेल तर म्हातारं मशीन संध्याकाळपर्यंत एफ-वनची वाट बघत बसेल.

सोलापूरकराला हे कसब समजावून सांगावं लागत नाही. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, ते घरी तेलुगू बोलतात. काउंटरवर इंडीहून आलेला व्यापारी उभा असतो, त्याला कानडीत "बर्री" म्हणतात. हमालाशी दखनीत भाव करतात. माझ्याशी मराठीत राजकारण काढतात. कसब भाषा बदलण्यात नाही, ते गावातलं शेंबडं पोरही करतं. अण्णा व्यापाऱ्याशी बोलत असतात तेव्हा त्यांचा डावा हात हमालाला "थांब" म्हणत असतो आणि भुवई मला "चहा येतोय" म्हणून सांगत असते. कोणालाही वाटत नाही की आपल्याला सोडून दिलंय. चांगला स्विच हेच करतो. म्हणून तो घेताना किती पोर्ट, किती रंगीत दिवे, हे नंतर विचारावं. ज्याच्याकडं पाठ आहे त्याला हा काय सांगतो, ते आधी.

दुकानात याच्या आधी एक होऊन गेला, त्याला भुवई नव्हती. अण्णांच्या पुतण्यानं मोबाइलवरून मागवलेला, काही शे रुपयांचा. खोक्यावर चित्र झकास. तो खोटं बोलायचाच नाही. बटण दाबलं की कीबोर्ड एका मशीनमधून खरोखर तोडायचा आणि दुसऱ्याला खरोखर जोडायचा. मग विंडोजची ती टुडूंग वाजायची, दोन-तीन सेकंदं ओळखपाळख व्हायची, तेवढ्यात अण्णांनी टाइप केलेली पहिली चार अक्षरं हवेत. दिवसाकाठी शंभर वेळा अदलाबदल करणाऱ्या माणसाला ही दोन सेकंदं मिरचीसारखी झोंबतात. प्रामाणिकपणा या धंद्यात कामाचा नाही. बाजारात दोन्ही जातींचे मिळतात, खोक्यांवरून फरक कळत नाही; बारीक अक्षरांत कीबोर्ड-माऊसचं एम्युलेशन, म्हणजे हेच खोटं बोलणं, लिहिलंय का ते शोधावं लागतं. लिहिलं नसेल तर नाही असं धरून चालावं.

मॉनिटरच्या बाबतीतलं खोटं याहून नाजूक. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात स्वतःची माहिती असते: कोणी बनवला, किती बाय किती ठिपके झेपतात, सेकंदाला किती वेळा चित्र बदलता येतं. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ मजकूर अवघा १२८ बाइटचा. मशीन केबलीतूनच ती वाचतं आणि त्याप्रमाणं चित्र पाठवतं. स्विचनं ती माहिती आपल्याजवळ उतरवून घेतली असेल आणि पाळी नसलेल्या मशीनलाही दाखवत राहिला, तर सगळं सुरळीत. नाही दाखवली तर मशीनला वाटतं मॉनिटर काढून नेला. डिस्प्लेपोर्टवर हा रुसवा फार. तिथं मॉनिटर नुसता बंद केला तरी काही मशीन तो गेला असं धरतात. परत येऊन बघावं तर उघड्या ठेवलेल्या खिडक्या एका कोपऱ्यात कोंबलेल्या, चिन्हांची रांग मोडलेली, अक्षरं बोटाएवढी. मोराचं डिझाइन एका बाजूला, रंगांची पट्टी दुसऱ्या बाजूला अशी तासाभराची मांडामांड असते, ती दर वेळी नव्यानं करायची. एचडीएमआयवर आणखी एक गंमत होते. ओळखीत गफलत झाली की मशीन समोरच्याला टीव्ही समजतं आणि रंगांचा पल्ला आखडून पाठवतं. काळा मग राखाडी दिसतो. अण्णांना त्याचं फारसं काही नाही. त्यांचा काळा पडद्यावर ठरत नाही, सुताच्या शेड कार्डावर ठरतो, तोही दारात उभं राहून, उन्हात धरून.

म्हाताऱ्या मशीनचं लग्न जुळवणं सगळ्यात अवघड गेलं. त्याच्याकडं व्हीजीए, स्विचकडं एचडीएमआय. स्विच भाषांतर करत नाही. जे येतं ते पुढं ढकलतो, हे दुकानदार सांगत नाहीत. मध्ये एक बदलणारी डबी लावावी लागली, वीज लागणारी, आणि गोल खोबणीतून यूएसबीकडं नेणारी एक शेपटी. सगळं जुळलं, पण त्या मशीनला १२८० बाय १०२४ च्या पलीकडं काही ठाऊक नाही. रुंद पडद्यावर ते चित्र ताणून बसतं आणि मोर लठ्ठ दिसतो. पुतण्या वैतागला. अण्णा म्हणाले, "असू दे की. ग्राफवर तरी कुठं बरोबर दिसतो?" खरंच आहे. ज्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात, त्याचा ग्राफ सारख्या चौकोनांच्या कागदावर काढला तर बेढबच दिसतो. कागदावर बेढब दिसलेला मोर मागावरून उतरला की सरळ होतो. या धंद्यातल्या डोळ्याला ताणलेलं चित्र नवीन नाही.

खोक्यावरच्या ४के या अक्षरांनी मात्र भल्याभल्यांना फसवलंय. ४के दोन प्रकारचं असतं. जुन्या १.४ च्या एचडीएमआयवर १०.२ गिगाबिटचा रस्ता असतो; त्यातून ४के चित्र सेकंदाला तीसच वेळा जातं. साठ वेळा हवं तर २.० लागतं, म्हणजे १८ गिगाबिट. सिनेमाला तीस चालेल. माऊस मात्र चिखलातून चालल्यासारखा येतो, आणि दिवसभर एक-एक चौकोन रंगवणाऱ्याचा हात दुखायला लागतो. केबलही मोजावी लागते: मशीनपासून स्विचपर्यंतची अधिक स्विचपासून मॉनिटरपर्यंतची. साध्या तांब्याच्या केबलीतून १८ गिगाबिट पाचेक मीटरच्या पुढं भरवशाचं राहत नाही. स्वस्तातली लांब केबल घेऊन स्विचला शिव्या घालणारे मी पुष्कळ पाहिलेत. आता असलेला स्विच काही हजारांचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतला आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या बर्थवर, उशाशी, रातोरात सोलापूरला आला.

त्याला हाक मारायची रीत आहे. बटणापर्यंत हात न्यायचा नसेल तर कीबोर्डवर स्क्रोल लॉक दोनदा टिचकवायचं आणि मग आकडा. कीबोर्डवरचं हे सगळ्यात रिकामटेकडं बटण; बहुतेकांनी जन्मात दाबलेलं नसतं. म्हणूनच स्विच बनवणाऱ्यांनी ते पकडलं. पण एक्सेलमध्ये त्याला अजून थोडं काम आहे. टिचकी दोनच्या ऐवजी एकच लागली की स्क्रोल लॉक चालू राहतं, आणि बाणाचं बटण दाबलं तर चौकट हलायची सोडून अख्खं पान सरकायला लागतं. पगाराच्या दिवशी बिलांच्या मशीनवर हे झालं तेव्हा व्हायरस आल्याची बातमी शेजारच्या दोन दुकानांत पोचली होती. हल्लीच्या बुटक्या कीबोर्डांवर तर ते बटणच नसतं. मग हाकेचं बटण बदलता येतं का, दोनदा कंट्रोल दाबून चालतं का, हे आधीच बघावं. दिव्यांनी लखलखणारे गेमिंगचे कीबोर्ड पुष्कळदा याला कळतच नाहीत. ते मागच्या यूएसबी हबच्या खोबणीत लावले तर टाइप होतं, पण हाक ऐकू जात नाही. याला साधा, तारेचा, कंटाळवाणा कीबोर्ड आवडतो.

त्या हबच्या खोबणीबद्दल एक सूचना देऊन ठेवतो. तिथं पेन ड्राइव्ह लावायचा मोह होतो, कारण हा पठ्ठ्या एका मशीनवर कॉपी केलेलं दुसऱ्यावर उतरवू देत नाही. त्याच्याकडं हात आणि डोळे आहेत, झोळी नाही. साध्या स्विचवर हबही बटणाबरोबरच पलीकडं जातो. फाइल अर्धी उतरली असताना कोणी बटण दाबलं की पेन ड्राइव्ह मध्येच उपटल्यासारखा होतो आणि फाइल नासते. चांगल्यांमध्ये हबची पाळी वेगळी ठेवता येते. दुकानात त्यावर सोपा कायदा झालाय: पेन ड्राइव्ह थेट मशीनलाच लावायचा, आणि म्हाताऱ्याला लावायच्या आधी तपासायचा.

इकडचं तिकडं न नेण्याचा हा गुण काही ठिकाणी लाखमोलाचा ठरतो. लष्कर, गुप्त कागदपत्रांची कार्यालयं अशा जागी एकाच टेबलावर आतल्या जाळ्याचं मशीन आणि बाहेरच्या जाळ्याचं मशीन असतं. तिथं सुरक्षित जातीचे स्विच बसवतात. त्यांत कीबोर्डकडून मशीनकडं जायचा रस्ता एकेरी असतो, परतीचा बंद. इतका बंद, की त्यांतल्या बऱ्याच जणांवर कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही, कारण तो लावायचा हुकूम मशीनकडून उलटा येतो. पेटी उघडायचा प्रयत्न केला तर तो स्वतःला कायमचा बंद करून घेतो. असा मानी गडी आमच्या टेबलाला परवडणारा नाही, पण ओळख असावी.

पेटीबिटी कशाला, नुसतं सॉफ्टवेअर घाला, असं सुचवणारे भेटतात. एका मशीनचा माऊस पडद्याच्या कडेवरून शेजारच्या मशीनवर उडी मारतो, कॉपी-पेस्टही चालतं. मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स फुकट आहे. ज्याच्याकडं प्रत्येक मशीनला आपापला मॉनिटर आहे आणि सगळी एका जाळ्यात आहेत, त्यानं खुशाल तेच वापरावं. आमच्या म्हाताऱ्याला जाळ्यात घ्यायचंच नाही, आणि विंडोज उठायच्या आधी ते अडलं तर सॉफ्टवेअर काय करणार? ते अजून झोपलेलंच असतं. पेटी मात्र मशीनच्या पहिल्या श्वासापासून हजर.

फक्त त्या पेटीलाही लाइट लागते. सोलापूरहून रायचूरला गेलेल्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनं ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली, सगळा भारत एका ठेक्यावर आला. त्या सोलापुरात आमच्या गल्लीतली लाइट दुपारी जाते ती जातेच. दुकानात यूपीएस आहे. तिन्ही मशीन त्यावर. स्विचचा अडॅप्टर मात्र वायरमननं भिंतीच्या प्लगात दिला होता. लाइट गेली, मशीन गुरगुरत राहिली, आणि पडदा काळा. आत डिझाइन जिवंत, सेव्ह करायला हात नाही, डोळे नाहीत. काही स्विच मशीनच्या यूएसबीवर तगून राहतात, पण त्यावर सगळा बोजा टाकू नये. अडॅप्टर त्याच दुपारी यूपीएसवर आला.

बटणांवर आता चिकटपट्टीचे तुकडे आहेत. एकावर "कार्ड", दोनवर "डिझाइन", तीनवर "बिल", अण्णांच्या सुनेच्या अक्षरात. चौथं रिकामं, आणि रिकाम्या जागेवर घरात सगळ्यांचा डोळा. पुतण्याला तिथं स्वतःचा लॅपटॉप हवाय. अण्णांना हवाय कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे बसल्या जागी मागच्या शेडमधले माग दिसतील. डीव्हीआरला एचडीएमआय आहे, कीबोर्डची गरज नाही, माऊस पुरतो. पण त्याला असला नकली माऊस पुष्कळदा पटत नाही. लावून पाहिला. चित्र झकास आलं, बाण काही हलेना. स्विचचं एम्युलेशन बंद केलं तर बाण हलला, पण मग बाकी तिघांची टुडूंग पुन्हा सुरू. शेवटी डीव्हीआरचा स्वतःचा माऊस त्यालाच लावून फळीवर ठेवला आणि चौथ्या बटणावर नुसतं चित्र घेतलं. पुतण्या म्हणाला, "काका, मग माझ्या लॅपटॉपचं?" अण्णांनी चौथं बटण दाबलं, शेडमध्ये एक माग उभा दिसला, आणि ते उठून तिकडं निघाले. "आठ बटणांचा किती पडतो ते विचारून ठेव."